दुसरा इंधनवाला

मानवजातीचा अंत मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी झाला, आणि तो अत्यंत भव्य होता. शनीच्या कड्यांआडून चाळीस हजार यंत्रं बाहेर पडली, सूर्य काळा पडला, सातही खंडांवर एकाच वेळी मौन पसरलं, आणि नेमक्या त्या मौनात एल्डन प्रूइटच्या पोटानं एक लांबलचक, विचारपूर्वक गुरगुर केली. काचेपलीकडे ध्वनिमुद्रण करणाऱ्या इनेझनं बटण दाबलं. "एल्डन, सात खंडांवर मौन आहे. तुमच्या पोटाला कुणीतरी कळवा." मानवजातीचा अंत पुन्हा करावा लागला. दुसऱ्या खेपेला शेजारच्या आवारात माळ्यानं पानं उडवायचं यंत्र सुरू केलं. तिसऱ्या खेपेला मात्र सगळं व्यवस्थित संपलं, आणि एल्डननं हिरव्या सफरचंदाचा एक पातळ काप तोंडात टाकला. त्यानं माइकला ऐकू येणारी तोंडातली चिकचिक थांबते. हॉलिवूडशेजारच्या बरबँकमधली माणसं पोटासाठी काय वाटेल ते खातात, पण तोंडासाठी खाणारी ही एवढीच जमात.

एल्डन सदुसष्ट वर्षांचा होता आणि गेली पंचवीस वर्षं एका कपाटाएवढ्या खोलीत बसून पुस्तकं मोठ्यानं वाचत होता. अंगात नेहमी जुना सुती सदरा, कारण नवा सदरा माइकला ऐकू येतो. मनगटावर घड्याळ नाही, खिशात किल्ल्या नाहीत. कानांवर हेडफोन, आणि त्यात स्वतःचाच आवाज, इतका जवळून की सुरुवातीची काही वर्षं त्याला वाटे, आपला कुणी दूरचा नातेवाईक मागे उभा राहून आपल्याबद्दल बोलतो आहे. पुढे त्या नातेवाइकाची सवय झाली. अलीकडे तर तोच खरा प्रूइट आणि आपण त्याचे घरगडी, असं एल्डनला वाटत असे. हे तो कुणाला सांगत नसे. सांगितलं तर लोक विचारतात, मग आज कोणत्या आवाजात बोलताय.

पुस्तक होतं 'कोबाल्ट चौकी'. एक्क्याण्णव साली ह्याच नावाचा सिनेमा आला आणि तीन आठवड्यांत गेला. सिनेमाबरोबर त्याची कादंबरीही निघाली होती. सुपरमार्केटात पैसे भरायच्या रांगेशी, च्युइंगगमच्या शेजारी मिळायची. बत्तीस वर्षांत त्या सिनेमाला भक्त लाभले. पस्तिशी-चाळिशीचे दाढीवाले पुरुष, नायकाचं जाकीट शिवून घेणारे, कुठली बंदूक कुठल्या दृश्यात कुठल्या हातात होती ह्यावरून मैत्र्या तोडणारे. त्यांच्यासाठी प्रकाशकानं आता ती कादंबरी आवाजात काढायचं ठरवलं. प्रूइटला विचारलं, प्रूइट हो म्हणाला. हो म्हणताना त्याच्या आत कुठेतरी, पायरी चुकल्यावर बसतो तसा एक धक्का बसला होता, पण त्यानं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. सिनेमा त्यानं पाहिला होता. सिनेमात जे नाही ते पुस्तकात कुठून येणार? असा त्याचा हिशेब. आणि म्हणून पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच त्यानं पुस्तक आधी न वाचता माइकसमोर उघडलं.

हे पाप होतं. ह्या धंद्यात पुस्तक आधी दोनदा वाचतात. वहीत सगळ्या पात्रांची यादी करतात, कुणाचा आवाज जाड, कुणाचा चिरका, कोण कुठल्या गावचा. कारण लेखक लोक फार विश्वासघातकी. पहिल्या प्रकरणात एखादा 'बरं' म्हणून जातो, तुम्ही त्याला हाताला लागेल तो आवाज देता, आणि तीनशेव्या पानावर लेखक सांगतो की ह्याचा जन्म स्कॉटलंडातला. मग पुन्हा पहिल्यापासून. एल्डनच्या बाबतीत हे कधी झालं नव्हतं, आणि ही गोष्ट तो नव्या लोकांना बोधकथेसारखी सांगत असे. 'कोबाल्ट चौकी'त तिसऱ्या प्रकरणात होबार्ट क्विल नावाचा एक माणूस येतो. अवकाशातल्या तळावर यानांत इंधन भरतो. "नळी जोडली, साहेब," म्हणतो. एल्डननं त्याला नाकातला, चिमणीसारखा आवाज दिला. कारकून, यंत्रमानव आणि जहाजावरची मांजरं ह्यांच्यासाठी तो राखून ठेवलेला असे. पाचव्या प्रकरणात क्विल "नळी काढली, साहेब," म्हणाला तेव्हा इनेझ काचेपलीकडे हसली, आणि एल्डनला बरं वाटलं. म्हाताऱ्या माणसाला एवढंसं पुरतं.

चौदावं प्रकरण सुरू झालं. यंत्रांनी तळाला वेढा घातला होता. नायक रेझर ब्रॅक यानात बसला होता, इंजिन पेटत नव्हतं, इंधनाची झडप हातानं दाबून धरायला कुणीतरी मागे राहायला हवं होतं. एल्डन वाचत होता. वाचता वाचता एका क्षणी त्याच्या ध्यानात आलं की आपण वाचत नाही आहोत. वाक्य तोंडातून बाहेर पडत होतं आणि डोळे अजून दोन ओळी वर होते. "जा तुम्ही. झडप मी धरतो. नाहीतरी हे हात आयुष्यभर रिकामेच होते." चिमणीच्या आवाजात. मागून डोळे धावत आले, तर पानावर तेच शब्द, तसेच, स्वल्पविरामसुद्धा तिथेच, आणि त्यांच्याखाली लिहिलेलं: क्विल म्हणाला, त्याच्या त्या खोल, संथ, विहिरीतून यावा तशा आवाजात.

एल्डन थांबला. हेडफोनमधला नातेवाईकही थांबला.

"अरेरे," इनेझ म्हणाली. "विहीर."

"हं."

"आपल्याकडे तर चिमणी आहे."

"हं."

"घाबरू नका, दोन मार्ग आहेत. एक, तिसऱ्या नि पाचव्यातली चिमणी पुसून नव्यानं करायची. दोन, 'खोल' नि 'विहीर' हे दोन शब्द आपण खाऊन टाकायचे. प्रकाशकाला पत्ता लागणार नाही. लेखक तर कधीच वर गेला." ती वाट पाहत राहिली. "एल्डन? तुम्ही पांढरे पडलात. बाहेर जाऊन या. मी तोवर जेवते."

आवारात ऊन होतं आणि माळी निघून गेला होता. त्यानं उडवलेली पानं एल्डनच्या गाडीभोवती गोळा झाली होती. गाडीत बसून त्यानं दार लावून घेतलं. चाकावर हात ठेवले. मग ते उचलून मांडीवर ठेवले, कारण हातांकडे बघवेना. कादंबरीवाल्याला सिनेमा दाखवत नाहीत, त्याला कागद देतात. ही गोष्ट ह्या गावात कुत्र्यांनाही ठाऊक आहे. सिनेमा तिकडे अजून चित्रित होत असतो, इकडे तो बिचारा तीन आठवड्यांत पटकथेच्या कुठल्यातरी शिळ्या प्रतीवरून पुस्तक ठोकतो. पटकथेत ज्यांना नाव नसतं त्यांना नाव देतो, आई देतो, एखादी पोटदुखी देतो. मग सिनेमा कात्रीखाली जातो, पुस्तक छापून झालेलं असतं, आणि जे पडद्यावर मेलं ते कागदावर हिंडत राहतं. पटकथेत ह्या क्विललाही नाव नव्हतं. 'दुसरा इंधनवाला' एवढंच. पहिला इंधनवाला कोण होता ते कुणालाच माहीत नव्हतं. डेल्मर म्हणायचा, तो बहुतेक जेवायला गेला असेल.

डेल्मर स्टिग्ज बेकर्सफील्डचा. बाप तेलविहिरींवर, चुलते तेलविहिरींवर, आणि हा नॉर्थ हॉलिवूडमध्ये एल्डनच्या दोन खोल्यांतली अर्धी खोली अडवून नट व्हायला बसलेला. त्या भूमिकेची चाचणी दोघांनीही दिली होती. एल्डनला सांगितलं गेलं, तुमचे उच्चार फार स्पष्ट आहेत, इंधनवाला असं बोलत नाही. डेल्मरला सांगितलं, सोमवारी या. ह्याच स्पष्ट उच्चारांवर एल्डन पुढे पंचवीस वर्षं जेवला, तो भाग वेगळा. डेल्मरनं तालमीसाठी झडप म्हणून फ्रीजचं हँडल निवडलं. रोज सकाळी तो ते दोन्ही हातांनी धरून, दार उघडं टाकून, ब्रॅकला निरोप देई. समोर ब्रॅक म्हणून एल्डन उभा. ब्रॅकची भूमिका करणाऱ्या पहिलवानाला चार शब्दांपुढे वाक्य पेलत नसे, म्हणून पटकथेत त्याला चारच शब्द होते: "तुला विसरणार नाही, मित्रा." एल्डन ते म्हणे, डेल्मर हात बदले, एका हाताची पकड सुटते न सुटते तोच दुसऱ्यानं धरे, आणि त्या हात बदलण्याच्या मधल्या रिकाम्या जागेत म्हणे, "नाहीतरी हे हात." तीन आठवड्यांत सहा गॅलन दूध नासलं. एल्डन ओरडायचा, "मेल्या, अवकाशात इंधन संपतंय ते कळतं तुला, घरातलं दूध कळत नाही." आणि डेल्मर त्याच विहिरीतून म्हणायचा, "जा तुम्ही. दूध मी आणतो."

चांगलं करायचा. हे एल्डनला तेव्हाही कळत होतं. किंबहुना फ्रीजसमोर उभं राहून ब्रॅकचे चार शब्द म्हणताना, सकाळी साडेसात वाजता, बनियनवर, तो रोज 'मित्रा' म्हणायचं विसरून डेल्मरकडे बघत राही आणि त्याला त्याचा राग येई. नासक्या दुधाचा नव्हेच.

त्या दिवसांत एल्डन गर्दीचे आवाज करत असे. सिनेमा तयार झाला की आठ माणसं एका अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर उभी राहतात आणि सगळी मानवजात होतात. बाजार, दंगल, हॉटेल, अंत्ययात्रा, जे काय लागेल ते. 'कोबाल्ट चौकी' लागायला तीन आठवडे असताना एका गुरुवारी तो वसाहतीतल्या पळापळीला किंचाळायला गेला होता. रीळ फिरलं. ब्रॅकचं यान तळाला लागलं. एल्डननं श्वास घेतला. ब्रॅकचं यान तळावरून उडालं. मध्ये काही नव्हतं. मध्ये एक उगाच पेटलेला लाल दिवा होता, तो विझला. खेळ थांबला तेव्हा त्यानं संकलकाच्या मदतनीस बाईला विचारलं. ती खारी बिस्किटं खात होती. "तो इंधनवाला? गेला," ती म्हणाली. "फार चांगला होता हो. हाच घोटाळा झाला. त्याच्यानंतर ब्रॅकचं काय होतंय ह्याची कुणाला फिकीरच राहत नव्हती. लागण्याआधी सिनेमा लोकांना दाखवून पाहिला, त्या चाचणीच्या खेळाला लोक चिठ्ठ्यांवर लिहून गेले, त्या इंधनवाल्याचं पुढे काय झालं? ते हिरोच्या माणसांनी वाचलं. दुसऱ्या दिवशी कात्री. बिस्किट घेता?" एल्डननं बिस्किट घेतलं. मग तो परत जागेवर गेला आणि आणखी दोन तास जिवाच्या आकांतानं किंचाळला. सगळ्यांनी वाखाणलं.

आणि त्या किंचाळण्यात, हे त्याला गाडीत बसून पुन्हा एकदा स्वतःशी कबूल करावं लागलं, त्या किंचाळण्यात त्याला बरं वाटत होतं. जिभेखाली एखादी गोळी विरघळावी तसं काहीतरी गोड आत उतरत होतं. फार नाही. थेंबभर. माणसानं एखादा खूनबीन केला असता तर निदान सांगायला काही असतं. थेंबभर गोडाचं कुणाला काय सांगणार?

घरी आला तेव्हा डेल्मर फोनवर आईशी बोलत होता. बेकर्सफील्डच्या थिएटरात शनिवारच्या दुपारच्या खेळाच्या चौदा खुर्च्या. बापानं पाळी बदलून घेतली होती. फोनवर हात ठेवून डेल्मरनं विचारलं, "दिसलो का रे?" हा प्रश्न एल्डनला सगळ्या तपशिलांनिशी आठवतो. फोनची गुंतलेली तार, डेल्मरच्या पायातला एकच मोजा. "ते रीळ अजून आलंच नव्हतं," एल्डन म्हणाला. उच्चार फार स्पष्ट होते.

मग तीन आठवडे होते. तीन आठवडे म्हणजे एकवीस सकाळी. नंतर तो शनिवार, आणि बेकर्सफील्डला जाणारा रस्ता, दोन तासांचा. कारण एल्डनलाही बोलावणं होतं आणि नाही म्हणायला कारण सुचलं नव्हतं. डेल्मर गाडी चालवत कुठला नातेवाईक कुठल्या खुर्चीवर बसणार ते सांगत होता. पेट्रोल भरताना सांगू, एल्डननं ठरवलं. मग घाट चढल्यावर. मग घाट उतरल्यावर, कारण घाटात माणसाला काही सांगणं धोक्याचं. घाट उतरल्यावर सपाट रान लागलं, दोन्ही बाजूंना तेलाचे पंप माना खालीवर करत होते, हो, हो, हो, हो, आणि त्यांच्यापुढे बोलायची त्याला लाज वाटली.

थिएटरात तो डेल्मर आणि डेल्मरचा बाप ह्यांच्यामध्ये बसला. बापानं टाय बांधला होता. टाय त्याच्या गळ्यावर उधार आणल्यासारखा बसला होता. यान तळाला लागलं. डेल्मरचं कोपर खुर्चीच्या हातावर ताठ झालं. लाल दिवा. यान उडालं. कोपर तिथेच होतं. पुढचा तासभर ते तिथेच होतं, आणि एल्डनचं कोपर त्याला चिकटून, आणि त्या जागेची ऊब अजून त्याच्या डाव्या कोपरात आहे. थंडी पडली की दुखतं. डॉक्टर संधिवात म्हणतात. सिनेमा संपला तरी चौदा जणांतलं कुणी उठेना. पडद्यावर नावं सरकत राहिली आणि अगदी शेवटी, चित्रीकरणात जेवण पुरवणाऱ्यांच्या जरा वर, नाव आलं: दुसरा इंधनवाला, डेल्मर स्टिग्ज. एका मावशीनं टाळी वाजवली. बाहेर उन्हात आल्यावर आई म्हणाली, "मी पाहिलं तुला. त्या उंच माणसाच्या मागे होतास ना?" डेल्मर म्हणाला, "हो आई, तिथेच होतो." मग सगळे स्पेनकडच्या बास्क लोकांच्या एका खानावळीत गेले. लांब टेबल, सूपचं भांडं या टोकापासून त्या टोकापर्यंत हातोहात गेलं. शेवटी बापानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "खुर्च्या चांगल्या होत्या."

डेल्मर परत आला नाही. दोन आठवड्यांनी एल्डननं त्याचं सामान बसनं पाठवलं. त्यानं शेतीचे पंप दुरुस्त करायचं दुकान टाकलं, लग्न केलं, मुलगी झाली. नाताळला कार्डं येत-जात. एवढ्यावर हे मिटलंही असतं. पण दोन हजार सहा साली डेल्मरचा बाप गेला, तेव्हा एल्डन मयतीला गेला. चर्चच्या हॉलमध्ये सँडविचच्या थाळ्यांपाशी डेल्मर त्याच्या शेजारी उभा राहिला आणि सहज, पावसापाण्याचं बोलावं तसा म्हणाला, "एका अर्थी बरंच झालं बघ. आपल्याला येत नाही हे वेळेवर कळलं. नाहीतर तुझ्यासारखा घासत बसलो असतो." पंधरा वर्षं झाली होती. तेव्हा एल्डनला पहिल्यांदा कळलं की डेल्मर काय समजून बसला आहे. आपण वाईट केलं, म्हणून आपल्याला कापलं. एक वाक्य पुरलं असतं. त्या बाईचं वाक्य, बिस्किटासकट. पण एल्डनच्या तोंडात हॅमचा घास होता. तो चावून होईपर्यंत कुणीतरी येऊन डेल्मरला मिठी मारली. पुढे एल्डननं ह्या गोष्टीचा अनेक बाजूंनी विचार केला, तरी दुसरं कारण त्याला सापडलं नाही. तोंडात हॅम होता. एवढंच.

तो आत आला तेव्हा इनेझ डबा बंद करत होती. "मग? चिमणी की विहीर?"

"विहीर. तिसरं, पाचवं, सगळं नव्यानं करू."

"दोन शब्द खाल्ले असते तर घरी लवकर गेलो असतो."

"मी एकदा खाल्लेत," एल्डन म्हणाला. तिला ते कळलं नाही आणि तिनं विचारलं नाही.

त्यानं दिवे मंद करायला सांगितले. "जा तुम्ही," तो म्हणाला, आणि थांबला. आवाज खोल होता, पण नुसता खोल होता, रिकाम्या पिंपाचा. पुन्हा. "जा तुम्ही. झडप मी धरतो." पुन्हा. सातव्या खेपेला त्यानं समोरच्या लोखंडी स्टँडला दोन्ही हातांनी धरलं. माइकच्या धंद्यात असं करत नाहीत, त्याची थरथर आत जाते. त्यानं एक हात सोडला, दुसऱ्यानं पकडलं, आणि मधल्या त्या जागेत त्याला बत्तीस वर्षांपूर्वीचा थंडगार वारा पोटऱ्यांवर लागला, उघड्या फ्रीजचा. "नाहीतरी हे हात." आता नातेवाईक मागे नव्हता. मागे दुसराच कुणीतरी होता, एका पायात मोजा घातलेला. आपण त्याची नक्कल करतो आहोत आणि नक्कल अर्ध्यावरच पोचते आहे, हे एल्डनला कळत होतं. पंचवीस वर्षं ज्या कसबावर लोकांनी त्याला टाळ्या दिल्या, ते सगळं पणाला लावूनही तो डेल्मरच्या साडेसात वाजताच्या तालमीपर्यंत पोचत नव्हता. त्याला कधीच पोचता आलं नसतं. चाचणी घेणाऱ्यांनी बरोबर माणूस निवडला होता. हे वाटणं वाईट होतं, पण त्याच्यात गोड असं काही नव्हतं, आणि म्हणून त्याला जरा हलकं वाटलं.

प्रकरण संपलं. इनेझनं आधी ते मुद्रण जपून साठवलं. मग म्हणाली, "हे कुठून काढलंत?"

"चोरीचं आहे."

"कुणाचं?"

"सिनेमात ज्यानं हे केलं होतं त्याचं. कापलं त्याला."

"जिवंत आहे?"

"बेकर्सफील्डला असतो."

"म्हणजे फार लांब नाही," इनेझ म्हणाली. तिच्या मते ती फक्त अंतराबद्दल बोलत होती. "मग त्याला कळवलंत की नाही? मी असते तर मला कळायला हवं होतं बाई."

चार वाजता त्यानं गाडीतून फोन लावला. मागे कसलंतरी यंत्र धडधडत होतं.

"स्टिग्ज पंप."

"मी एल्डन."

"कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं."

"मग नाताळच्या आधी फोन कसा? पैसेबिसे हवेत का?"

"डेल्मर, 'कोबाल्ट चौकी'चं पुस्तक मी वाचतोय. आवाजात. त्यात तू आहेस. तुझा सगळा प्रसंग आहे, झडपेचा."

"बरं मग?"

आणि एल्डननं सांगितलं. गुरुवार सांगितला, लाल दिवा सांगितला, रीळ आलं होतं हे सांगितलं. बाईचं वाक्य सांगताना त्याच्या सवयीनं त्याला बाईचा आवाज लावावासा वाटला. तो मोह त्यानं आवरला. गोळीचंही सांगितलं, जिभेखालच्या. ते सांगताना उच्चार मुळीच स्पष्ट झाले नाहीत.

"थांब," डेल्मर म्हणाला. "पंप बंद करतो." धडधड थांबली. आता दोन्हीकडे नुसतं ऊन होतं. "ती काय म्हणाली ते परत सांग. हळू."

"फार चांगला होता. हाच घोटाळा झाला."

"'फार' हा शब्द तिचा का तुझा?"

"तिचा."

"आणि लोकांनी चिठ्ठीवर लिहिलं?"

"लिहिलं. इंधनवाल्याचं पुढे काय झालं."

"किती जणांनी?"

"माहीत नाही. बरेच असणार. दोघाचौघांसाठी कोण कापतो?"

डेल्मर श्वास घेत होता. एल्डनला आयुष्यभर श्वास ऐकून त्यातला नको तो काढून टाकायची सवय; ह्यातला कुठला काढावा त्याला कळेना.

"आईला कळायला हवं होतं," डेल्मर म्हणाला. "ती पक्कं धरून होती, मी त्या उंच माणसाच्या मागे होतो म्हणून. दवाखान्यात नर्सनासुद्धा सांगायची. आणि मी आपला, हो आई, हो आई." तो थांबला. "म्हाताऱ्याला मात्र खुर्च्या खरंच आवडल्या होत्या. ते तसंच असू दे."

"डेल्मर, मी..."

"तू हलकट आहेस, एल्डन."

"हो."

"मध्ये बोलू नकोस. बत्तीस वर्षांनी एक वाक्य मिळालंय, नीट म्हणू दे." विहिरीच्या तळाशी काहीतरी हललं. "तू," डेल्मर म्हणाला, आणि जिथे हात बदलायचा तिथे बरोबर तेवढीच जागा सोडली. "हलकट आहेस."

कुठे चिकचिक नव्हती, कुठे खुर्ची वाजली नाही. पुन्हा घ्यायची गरज नव्हती. एल्डननं डोळे पुसले, आणि पुसताना सदऱ्याची बाही कितपत वाजते ते ऐकलं.

"कसं झालं?" डेल्मरनं विचारलं.

"फार चांगलं."

"हं."

कुणीतरी गिऱ्हाईक आत आलं असावं, डेल्मर त्याला लांबून म्हणाला, "आलो, आलो, वॉशर त्या डब्यात बघा." मग पुन्हा फोनजवळ आला.

"एल्डन, आहेस का? हे बघ, एक काम होतं. मुलीनं दुकानाच्या फोनला लोकांनी निरोप ठेवायचं यंत्र आणलंय. त्यातला संदेश माझ्या आवाजात भरला, तर लोक विचारतात घरात कुणी गेलं का. तेवढा तू भरून पाठव. दुपारी बारा ते एक बंद, नाव आणि नंबर सांगा. बास. आणि अभिनय करू नकोस, पंपाचं दुकान आहे."